टिळेकर काकांच्या सहा बादल्या

हे मी लिहावं की नाही, या विचारात माझे बरेच महिने गेले. आधी माफी मागतो. लिहिणं हे आमच्या घरातलं काम नव्हे. माझे वडील बार्शीत पिठाची गिरणी चालवतात. त्यांचं लिहिणं म्हणजे गिऱ्हाइकाच्या डब्यावर खडूने नाव. घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच, आणि एखाद्या माणसाबद्दल कसं लिहितात हे मला कोणी शिकवलेलं नाही. शिवाय प्रभाकर टिळेकरांबद्दल लिहायचा खरा अधिकार त्यांना तीस-तीस वर्षं ओळखणाऱ्यांचा. मी त्यांच्या घरात भाड्याने राहिलो ते जेमतेम सोळा महिने. पण तीस वर्षंवाले लिहिणार नाहीत, हे आता मला कळून चुकलंय. रागाच्या भरात लिहू नये म्हणतात. मी राग जायची वाट बघितली. तो गेला नाही.

मी मँचेस्टरला एमएस्सीसाठी आलो तेव्हा महाराष्ट्र मंडळातल्या कोणीतरी टिळेकरांचा पत्ता दिला. ‘खोली चांगली आहे, माणूस तिरसट आहे,’ एवढंच सांगितलं. ट्रामच्या स्टॉपपासून सात मिनिटांवर विटांच्या घरांची एक ओळ, तिच्यातलं शेवटचं घर. दार उघडलं ते पांढरा कोट घातलेल्या एका बुटक्या माणसाने. हॉस्पिटलच्या लॅबमध्ये काका एकतीस वर्षं टेक्निशियन होते. रिटायर झाल्यावरही तो कोट ते घरात घालायचे. खिशापाशी निळ्या शाईचा डाग होता आणि कॉलर उसवलेली होती.

“कुठला?”

“बार्शी.”

“आंघोळीला किती वेळ लागतो?”

“साधारण दहा मिनिटं.”

“साधारण म्हणजे किती?”

त्यांनी खोली दिली, पण त्या दिवसापासून माझं नाव बार्शी पडलं. महेश हे माझं नाव त्या घरात फक्त शैलाकाकू घ्यायच्या.

‘साधारण’ या शब्दाचा काकांना मनापासून राग होता. ‘अंदाजे’चाही. काकू व्हीलचेअरवर बसून मला आमटी शिकवायच्या आणि म्हणायच्या, “घाल रे महेश, अंदाजाने,” की आतून आवाज यायचा, “अंदाजाने पूल पडतात.” चहाच्या पाण्यात ते थर्मामीटर घालायचे. रेडिओवरच्या हवामानवाल्याशी भांडायचे. कौन्सिलला पत्रं लिहायचे: फुटपाथची फरशी किती मिलिमीटर वर आलीय, कचऱ्याची गाडी किती मिनिटं उशिरा आली. माणूस सतत चिडलेला असायचा. पण त्या चिडण्यात एक शिस्त होती. चुकीच्या गोष्टीवर चिडलेलं मी त्यांना कधीही पाहिलं नाही. हे मला तेव्हा समजत नव्हतं.

वरच्या मजल्यावर माझ्या खोलीच्या शेजारी आणखी एक खोली होती. तिला कुलूप असायचं. आतून दिवसभर बारीक गुरगुर ऐकू यायची, फिश टँकच्या पंपासारखी. मी विचारलं नाही. तिसऱ्या आठवड्यात एका शनिवारी सकाळी काकांनीच माझं दार ठोठावलं.

“बार्शी, चल. या घरात राहतोस तर अंदाज करत राहू नकोस.”

आधी त्यांनी हात धुतले, कोपरापर्यंत, ऑपरेशनला जाणाऱ्यासारखे. मलाही धुवायला लावले. मग कुलूप काढलं. आतला उजेड इतका पांढरा होता की डोळे मिटले. भिंतींना चकचकीत कागद होता. जमिनीवर सहा काळ्या बादल्या दोन रांगांत मांडलेल्या, प्रत्येकीवर झाकण, झाकणाच्या मधोमध भोक, आणि त्यातून वर आलेलं कमरेएवढं झाड. माती कुठेच नव्हती. बादलीत पाणी, पाण्यात हवेचे बुडबुडे. काकांनी एका झाकणावर बोटाने दोनदा टकटक केलं, पेशंटच्या दारावर करावं तसं, आणि ते हळूच वर उचललं. खाली मुळं लोंबत होती. पांढरीशुभ्र, म्हाताऱ्या माणसाच्या केसांसारखी.

पानं मी ओळखली. आमच्याकडे गावाबाहेरच्या मठात बैरागी यायचे, त्यांच्यामागे फिरलो म्हणून मी लहानपणी मार खाल्लेला आहे.

“काका, हा गांजा आहे.”

“तुझ्या गावात गांजा. इथे औषध.”

“पोलीस?”

“सरकारने नुकतंच हे बंदीच्या यादीत ‘ब’ वर्गातून खालच्या ‘क’ वर्गात टाकलंय. लोकांना वाटतं, परवानगी मिळाली. मिळालेली नाही. मला माहीत आहे. तुलाही माहीत असू दे. राहायचं नसेल तर आज सांग, डिपॉझिट देतो.”

मी म्हणालो, राहतो. धैर्याने नाही. दुसरी खोली शोधायची हिंमत नव्हती म्हणून.

औषध कोणासाठी ते मला त्याच दुपारी दिसलं. काकूंना मल्टिपल स्क्लेरोसिस होता. तेरा वर्षं. चालणं गेलं होतं, पण खरा छळ वेगळाच होता. पायांचे स्नायू अचानक लाकडासारखे आवळायचे, गुडघे छातीकडे ओढले जायचे, आणि ते सरळ करायला दोन माणसं लागायची. हॉस्पिटलच्या गोळ्यांनी आवळणं कमी व्हायचं, पण काकू दिवसभर मान टाकून पडायच्या, आपलं नावसुद्धा सावकाश सांगायच्या. याच झाडातून काढलेला एक फवारा औषध म्हणून येणार, येणार, असं दोघं कित्येक दिवस ऐकत होते. तो येत नव्हता. सोशल वर्करने दोनदा नर्सिंग होमची माहितीपत्रकं आणून दिली होती. काकू मला म्हणाल्या होत्या, “मला इथेच राहायचंय. माझ्या ओट्यासमोर. बाकी काही मागणं नाही.” काकांनी लायब्ररीतून पुस्तकं आणली, मिरच्यांवर आणि कोथिंबिरीवर सहा महिने हात बसवला आणि मग या सहा बादल्या मांडल्या. फुलं वाळवून ती तुपात मंद शिजवायची, गाळायची, आणि ते तूप लॅबच्या ड्रॉपरने मोजून काकूंच्या भाकरीवर. काकूंना धूर चालत नव्हता. थेंब देऊन तासाभराने त्यांचे पाय सैल पडायचे आणि त्या मला ओरडायच्या, “अरे, कणीक किती सैल मळलीस.”

पाण्यातच का, असं मी एकदा विचारलं. काका म्हणाले, “माती खोटं बोलते. आत काय चाललंय ते सांगत नाही. पाणी मोजता येतं.”

आणि मोजलेलं सगळं ते लिहायचे. लॅबच्या रजिस्टरसारखी जाड पुठ्ठ्याची वही, पण मराठीत. रोज सकाळी बादली एक ते सहा: पाण्याची पातळी, आंबटपणा, मुळांचा रंग. पुढच्या पानावर काकू: किती थेंब, किती वाजता, पाय किती वेळा आवळले, जेवण किती. झाडांच्या आणि बायकोच्या नोंदी एकाच वहीत बघून मला हसू आलं होतं. काका म्हणाले, “हसू नकोस. एकाचं दुसऱ्यावर अवलंबून आहे.”

ते किती अवलंबून आहे हे मी माझ्या हाताने दाखवून दिलं. ऑगस्ट होता, इथल्या मानाने फारच उकडत होतं. मला इंटरव्ह्यूला जायचं होतं म्हणून शर्टाला इस्त्री करायची होती. जिन्याजवळच्या सॉकेटमधला एक प्लग मी काढला, माझा लावला, आणि परत लावायचा विसरून दिवसभर बाहेर गेलो. तो बादल्यांच्या हवेच्या पंपाचा होता. काका त्या दिवशी काकूंना घेऊन क्लिनिकमध्ये होते. संध्याकाळपर्यंत गरम पाण्यातली मुळं गुदमरली. दोन दिवसांत ती तपकिरी, बुळबुळीत झाली आणि खोलीला तुंबलेल्या मोरीचा वास यायला लागला. सहापैकी पाच झाडं गेली.

मी माफी मागायला गेलो. काका झाकणं घासत होते.

“चूक झाली, काका.”

“चूक नाही. चूक माहीत नसताना होते. तू विचारलं नाहीस. मी घरात होतो सकाळी, तू विचारलं नाहीस.”

पुढे दोन महिने साठवलेलं तूप पुरवून पुरवून वापरलं, आणि मग ते संपलं. नवं पीक यायला तीन आठवडे होते. त्या तीन आठवड्यांत मी काकूंचे पाय धरायला शिकलो. काका गुडघा धरायचे, मी घोटा. काकू ओरडायच्या नाहीत. दातांत पदराचा बोळा धरायच्या आणि डोळे माझ्याकडे लावायच्या. मला वाटायचं, त्यांनी एकदा मला शिवी द्यावी. त्या म्हणायच्या, “तुझा इंटरव्ह्यू कसा झाला ते सांग ना.”

आता डॉक्टर सबनीसांबद्दल लिहायला हवं. हे नाव मी बदललेलं आहे. ते मंडळाचे अध्यक्ष, मोठ्या हॉस्पिटलात कन्सल्टंट. मंडळात ते आले की लोक खुर्ची सोडायचे. मीही सोडायचो. आमच्याकडे डॉक्टरच्या समोर माझे वडील अजून टोपी काढतात. सबनीसांनी माझ्या एका अर्जाला रेफरन्स दिला होता, खांद्यावर हात ठेवून, “फर्स्ट जनरेशन आहेस, वुई मस्ट सपोर्ट यू,” म्हणाले होते. ते वाक्य मी घरी फोन करून सांगितलं होतं.

एका रविवारी सकाळी ते टिळेकरांकडे आले. त्यांची आई त्यांच्याकडे होती, कॅन्सर हाडांत गेलेला. मॉर्फिनने आईंना भ्रम व्हायचे. मी स्वयंपाकघरात भांडी घासत होतो, आणि सबनीसांनी माझ्याकडे बघून आवाज कमी केला, पण दार उघडंच होतं.

“प्रभाकरराव, शैलावहिनींना जे देता, ते थोडं... आय नो, इट्स ऑकवर्ड.”

“ऑकवर्ड काही नाही. आईंचं वजन किती?”

काकांनी पंचवीस प्रश्न विचारले. मग बिस्किटाच्या डब्यात एक छोटी बाटली ठेवून दिली, ड्रॉपर दिला, किती थेंबांपासून सुरुवात करायची ते कागदावर लिहून दिलं. सबनीस पाकीट काढायला लागले तेव्हा काकांनी त्यांच्याकडे असं पाहिलं की ते पाकीट अर्ध्यावरच परत गेलं. आणि काकांनी वही उघडली.

“हे लिहिताय कशाला?”

“नमुना लॅबबाहेर गेला की नोंद होते.”

“अहो, पण माझं नाव...”

“बरं. नाव नाही लिहीत.” त्यांनी लिहिलं: स. यांच्या आईंसाठी, एक बाटली. खाली तारीख. असं चार वेळा झालं. सबनीसांच्या आई गेल्या तेव्हा मंडळाने शोकसभा घेतली. सबनीस म्हणाले, “ईश्वराची कृपा, शेवटचे दोन महिने आई शांत झोपली.” काका माझ्या शेजारी बसले होते. शांत झोपली हे खरंच होतं, आणि खऱ्यावर ते चिडत नसत.

त्याच हिवाळ्यात संक्रांतीला काकूंनी हळदीकुंकू करायचं ठरवलं. तीन वर्षांनी. काकांनी आधी नाही म्हटलं, मग वहीत काकूंच्या महिन्याभराच्या नोंदी बघितल्या आणि हो म्हटलं. काकू जांभळी साडी नेसून व्हीलचेअरवर ताठ बसल्या होत्या. आदल्या दिवशी बर्फ पडला होता. वीस-बावीस बायका आल्या, बूट झटकत, कोट काढत. सौ. सबनीस सगळ्यात शेवटी आल्या, आणि दारातच म्हणाल्या, “अगंबाई, तुमच्या छपरावर बर्फ कसा नाही हो? सगळी ओळ पांढरी, तुमचंच घर काळं.”

“टिळेकर भावजींचा राग चढतो वरपर्यंत,” कोणीतरी म्हणालं, आणि घर हसण्याने भरलं.

काका हसले नाहीत. ते सपाता घालून बाहेर गेले. मी मागे गेलो. ते रस्त्याच्या पलीकडे उभे राहून वर बघत होते. झाडांच्या खोलीतल्या दिव्यांची गरम हवा त्यांनी माळ्यावर सोडली होती. तिथलं तापमान रोज मोजून लिहिलेलं होतं. पण घराच्या आत मोजता मोजता बाहेरून घर कसं दिसतं, हे त्या माणसाने कधी पाहिलंच नव्हतं. छपराच्या कौलांवरून पाणी ठिबकत होतं.

“बंद करू या का, काका?”

“फुलं पक्व व्हायला अकरा दिवस आहेत. मागच्या वेळेला काय झालं ते तू पाहिलंयस.”

मी पाहिलं होतं. मीच केलं होतं. मी त्यांच्यामागे आत गेलो.

बुधवारी दुपारी पोलीस आले, त्या बर्फ नसलेल्या छपराचा माग काढत. दार फोडावं लागलं नाही, काकांनीच उघडलं आणि वर जाण्याआधी त्यांना हात धुवायला सांगितलं. त्यातला एक हसला. त्यांनी बादल्या बाहेर आणल्या, पाणी बागेत ओतलं, झाडं मुळांसकट प्लॅस्टिकच्या पिशव्यांत भरली. काकू खालून विचारत होत्या, “अहो, काय चाललंय?” आणि काका प्रत्येक वेळी तितक्याच आवाजात उत्तर देत होते, “आलो.”

वही त्यांना मिळाली. मराठी त्यांना वाचता येईना. स्टेशनवर माझा जबाब घेताना एका मवाळ बोलणाऱ्या ऑफिसरने ती माझ्यापुढे सरकवली. “तू शिकलेला मुलगा दिसतोस. हे काय लिहिलंय, सांगशील?”

मी म्हणू शकलो असतो, अक्षर लागत नाही. मी म्हणू शकलो असतो, वकील येऊ दे. माझा व्हिसा, माझी डिग्री, बार्शीतले वडील, सगळं डोळ्यांपुढे आलं आणि शाळेत गुरुजींपुढे वाचावं तसं मी वाचलं. पानामागून पान. ‘स. यांच्या आईंसाठी, एक बाटली’ हेही वाचलं. चारही वेळा.

“हा स. कोण?”

“माहीत नाही,” मी म्हणालो.

त्या दुपारी मी एकच खोटं बोललो, आणि ते सबनीसांसाठी. काकांच्या बाबतीत मी अगदी प्रामाणिक होतो. हे वाक्य लिहायलाच मला इतके महिने लागले.

घरच्यासाठी झाडं लावणं वेगळं आणि दुसऱ्याला देणं वेगळं, हे वकिलाने नंतर समजावलं. त्या चार नोंदींनी खटल्याचं रूप बदललं. तो म्हणाला, स. कोण ते सांगितलं, आणि औषध त्याच्या मरणाऱ्या आईसाठी होतं हे सिद्ध झालं, तर न्यायाधीश वेगळं बघतील. काका म्हणाले, “नाव लिहीत नाही असं मी म्हटलं होतं.” बस. वकील म्हणाला, निदान समाजातल्या चार प्रतिष्ठित लोकांची पत्रं आणा, हा माणूस चांगला आहे एवढंच.

ती पत्रं मागायला मी गेलो. एक जण म्हणाले, वेळ नाही. एक म्हणाले, मुलाचं मेडिकलचं ॲडमिशन आहे. एका बाईंनी दारातच सांगितलं, “आमच्या मुलांना त्या घरात तिळगूळ खायला पाठवलं होतं आम्ही.” सबनीसांनी मला आत बसवलं, चहा दिला.

“महेश, माझं मेडिकल रजिस्ट्रेशन आहे, ते जाईल. यू हॅव टु अंडरस्टँड.”

“नुसतं ओळखतो एवढंच लिहा, डॉक्टर. बाकी काही नको.”

“आणि उद्या कोणी विचारलं, किती ओळखता? नाही रे. आणि तूही जरा लांब राहा यापासून. तुझं करिअर आहे.”

“तुमच्या आईंना...”

“चहा गार होतोय,” ते म्हणाले.

मी चहा प्यायलो. सगळा. उठताना त्यांना वाकून नमस्कारही केला. सवयीने. परत येताना ट्राममध्ये मला माझ्याच हातांची शिसारी आली.

काकांना नऊ महिन्यांची शिक्षा झाली. निम्मी भोगून ते सुटले. शिक्षा झाली त्याच आठवड्यात काकू नर्सिंग होममध्ये गेल्या होत्या. ते सुटल्यावर मी भेटायला गेलो, तोवर मला मिल्टन कीन्सला नोकरी लागली होती. काकूंना घरी आणायला परवानगी मिळेना. एकट्या म्हाताऱ्याला झेपणार नाही, असं कागदावर होतं. त्यांचा ओटा आणि त्या यांच्यात बसने चाळीस मिनिटं होती. काका रोज दुपारी दोनला यायचे आणि साडेचारला जायचे. मी गेलो तेव्हा ते काकूंचा पाय मांडीवर घेऊन हळूहळू सरळ करत होते आणि मोठ्याने आकडे मोजत होते. काकूंची मान कलली होती. पुन्हा गोळ्यांवर. त्यांनी मला ओळखायला वेळ घेतला.

मी कॉरिडॉरमध्ये काकांना सांगून टाकलं. वही मीच वाचली म्हणून.

“बरोबर वाचलंस ना?”

“हो.”

“काही गाळलं नाहीस?”

“नाही.”

“मग झालं.” ते आत गेले. दारातून मला ते पाठमोरे दिसले, उसवलेल्या कॉलरचा पांढरा कोट, वाकून ब्लँकेटची कड गादीखाली खोचताना. त्यांना मी त्यानंतर पाहिलं नाही.

गेल्या ऑक्टोबरात मंडळाच्या सेक्रेटरींचा फोन आला. वर्गणीच्या यादीत माझा जुना पत्ता होता, तो नवा हवा होता. बोलता बोलता म्हणाले, “अरे, टिळेकर गेले, तुला कळलं असेल. बस स्टॉपवरच. हार्ट. आठवडा झाला. क्रिमेशनला आम्ही सात-आठ जण होतो. सबनीस बोलले चांगलं.”

“काकू कशा आहेत? त्यांना आणलं होतं का?”

“नाही, तसं कोणी... व्हीलचेअरची गाडी लागते ना त्याला.”

“पण त्यांना सांगितलं ना?”

ते म्हणाले, नर्सिंग होमने सांगितलंच असेल. मी फोन ठेवून नर्सिंग होमला लावला. तिथली बाई म्हणाली, आम्हाला वाटलं, त्यांच्या लोकांपैकी कोणीतरी येऊन त्यांच्या भाषेत सांगेल. आम्ही कोणाची तरी वाट बघत होतो. आणि मग, मी न विचारताच, तिने सांगितलं की आठ दिवस त्या दोन वाजले की आपली खुर्ची दाराकडे वळवायला सांगतात.